नदीकाठची हिवाळी फेरी आणि कॅमेरा

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निसर्गाचे छायाचित्रण म्हटले की दूरची अभयारण्ये, वाघ, भारी किमतीची दुर्बीण-भिंगे आणि सवडीचे लोक डोळ्यांसमोर येतात. ज्याला सकाळी साडेसातला कारखान्याची बस गाठावयाची आहे किंवा अकराला शाळेची घंटा द्यावयाची आहे, त्याचा या छंदाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर घराजवळच्या काठावर आहे. हिवाळ्याच्या चार महिन्यांत रोज अर्धा तास एकाच काठावर फिरणारा आणि जे दिसेल ते तारखेनिशी टिपणारा माणूस गावाच्या फार मोठ्या उपयोगी पडू शकतो. तो कसा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दोन नद्यांमधले गाव

ताथवडे हे गाव समुद्रकाठी नाही. त्याच्या उत्तरेच्या अंगाने पवना व दक्षिणेच्या अंगाने मुळा वाहते. सह्याद्रीच्या माथ्यावरून पाहिले तर अरबी समुद्र जवळ आहे. पण पवनेचे पाणी त्या बाजूला उतरत नाही. ते मुळेला, पुढे मुळा-मुठेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. वाटेत रावेतच्या बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवड शहर पिण्याचे पाणी उचलते. म्हणजे ज्या काठाची गोष्ट करावयाची, तो काठ लाखो लोकांच्या हंड्याशी जोडलेला आहे.

ताथवडे २००९ पर्यंत ग्रामपंचायतीचे गाव होते. त्या वर्षी ते पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. पशुसंवर्धन विभागाच्या वळू-माता प्रक्षेत्रामुळे हे नाव राज्यभरच्या पशुवैद्यकांना परिचित आहे. महामार्ग, हिंजवडीची उद्योगनगरी आणि शिक्षणसंस्था यांच्यामुळे शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. हा बदल योग्य की अयोग्य, हा येथे विषय नाही. प्रश्न एवढाच, की त्या ओढ्याकाठी, त्या माळावर वीस वर्षांपूर्वी हिवाळ्यात कोणते पक्षी उतरत असत, हे तारखेनिशी सांगणारा कागद किंवा चित्र आज कोणाच्या हाताशी आहे? वडीलधारी माणसे आठवणी सांगतात. ज्वारीच्या कणसांवर भोरड्यांचे थवे कसे पडत आणि पोरे गोफणी घेऊन माळ्यावर कशी बसत, हे ती रंगवून सांगतात. पण आठवण म्हणजे नोंद नव्हे. जो बदल कोणी टिपला नाही, त्याविषयी वाद घालता येतो, निर्णय घेता येत नाही.

हिवाळ्यातील पाहुणे

महाराष्ट्रात पाऊस संपून आभाळ निवळले की उत्तरेकडील पक्षी येऊ लागतात. काठावर प्रथम नजरेस पडतो तो धोबी. सतत शेपटी वरखाली करीत तो ओल्या चिखलात किडे टिपतो. पांढरा, करडा आणि पिवळा असे त्याचे प्रकार एकाच काठावर दिसू शकतात. दगडावर बसून सारखे अंग हलविणारा तुतवार, कुंपणाच्या तारेवरचा गप्पीदास आणि पाण्यावरून झेपावणाऱ्या पाकोळ्या पाहावयास अभयारण्याचे तिकीट लागत नाही.

पुण्याच्या खालच्या अंगाला लोणी काळभोरजवळ कवडीपाट येथे मुळा-मुठेच्या पात्रात चक्रवाक व थापट्या बदके उतरतात. उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर भिगवणजवळ रोहित पक्ष्यांचे थवे आणि पट्टकादंब दिसतात. पट्टकादंब हा हंसजातीचा पक्षी मध्य आशिया, तिबेट व लडाख येथील उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. ज्या पाण्यावर तो उतरतो त्यात मावळ व मुळशीचेही पाणी मिसळलेले असते. काठावर राहणाऱ्यास आपल्या नदीचा विस्तार किती मोठा आहे, हे या पाहुण्यामुळे उमगते.

समुद्रकाठचा धडा

रोजच्या फेरीतून काय निष्पन्न होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईच्या किनाऱ्यावर मिळते. तेथे २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम सुरू झाला. प्रदीप पाताडे यांच्यासारखे किनाऱ्याचे जाणकार त्याच्या आरंभापासून त्यात होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठ्या ओहोटीला सकाळी व संध्याकाळी खडक उघडे पडतात. त्या वेळी ही मंडळी खडकांतील डबक्यांपाशी वाकून पाहतात आणि दिसेल तो जीव छायाचित्रात टिपतात. शंखात घर करणारे खेकडे, समुद्रफुले, अष्टपाद, कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी आणि प्रवाळ अशी किती तरी सृष्टी त्यांनी उजेडात आणली. ज्या किनाऱ्याला लोक केवळ सांडपाण्याचे मुख समजत होते, तेथे ती नांदत होती. ही छायाचित्रे स्थळ-काळासह सार्वजनिक नोंदसंग्रहात ठेवली जातात आणि जाणकार त्यांची ओळख तपासून देतात.

मुंबईच्या किनारी मार्गाचे काम सुरू झाले, तेव्हा वरळी व हाजीअली येथील प्रवाळांचा प्रश्न पुढे आला. प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांकरवी त्यांच्या वसाहती अन्यत्र हलविण्यात आल्या. हे स्थलांतर पुरेसे होते काय, याविषयी मतभेद असू शकतात. पण ‘येथे काहीच नाही’ हे वाक्य आता कोणास लिहिता येणार नाही. किनाऱ्यावर फिरणाऱ्या सामान्य नागरिकांच्या छायाचित्रांचा त्यात मोठा वाटा आहे.

दुसरे उदाहरण खेड्यातील आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास हे लहानसे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथील ग्रामस्थांच्या साह्याने सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण आरंभिले. हिवाळ्यात मादी किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालते आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. आता गावकरी पहाटे किनाऱ्यावर फेरी मारतात, घरट्याची तारीख व अंड्यांची संख्या लिहून ठेवतात आणि पिले समुद्रात सोडतात. ती पाहण्यास येणाऱ्यांची सोय गावातील घरांतूनच होते, त्यामुळे कुटुंबांना चार पैसेही मिळतात. या साऱ्याचा पाया म्हणजे रोजची फेरी आणि रोजची नोंद.

छायाचित्राची नोंद कशी होते

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. मग ती ग्रामपंचायत असो वा महानगरपालिका. लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे, हे त्या समितीचे प्रमुख काम. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने या कामासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली. मुदतीचा फायदा असा, की नोंदवह्या झाल्या. तोटा असा, की मुदत पाळण्याच्या घाईत नोंदवही म्हणजे एकदा भरून कपाटात ठेवावयाचा दस्तऐवज, अशी समजूत होण्याचा धोका आहे. वास्तविक ती जमाखर्चाच्या वहीसारखी चालती वही हवी. ‘बगळा, बदक, खंड्या’ एवढी यादी कोणत्याही गावाला लागू पडेल. ‘अमुक बंधाऱ्याच्या खाली, अमुक तारखेस, सकाळी सात वाजता, थापट्या बदके चाळीस’ ही नोंद मात्र त्याच गावची असते. तिच्यासोबत छायाचित्र असेल, तर पक्षी ओळखण्यात झालेली चूकही पुढे कोणास दुरुस्त करता येते.

अशा नोंदींचे मोल देशपातळीवर सिद्ध झाले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितिदर्शक अहवालात ९४२ जातींचा आढावा आहे. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे. १७८ जातींकडे तातडीने लक्ष देणे आवश्यक असल्याचे त्यात म्हटले आहे. थापट्या व तलवार बदक या आपल्या परिचयाच्या हिवाळी पाहुण्यांची संख्या घटत असल्याचेही त्यात आढळले. म्हणून आज नित्याची वाटणारी बदके मोजण्याचा कंटाळा करू नये. दुर्मिळ पक्ष्याचे छायाचित्र कौतुकाचे असते, पण नेहमीच्या पक्ष्याची नियमित नोंद अधिक कामाची असते.

काही व्यवहार्य सूचना

या कामास साधा कॅमेरा पुरतो. नदीचे पात्र, झाडे, फुलपाखरे व पाऊलखुणा यांसाठी हातातील मोबाइल फोनही चालतो. आरंभी कॅमेऱ्यातील तारीख व घड्याळ बरोबर आहे, याची खात्री करावी. ते चुकीचे असेल तर पुढची सारी नोंद चुकते. सूर्य पाठीशी ठेवून चालावे. पक्षी पाण्यावर असेल तर शक्य तितके खाली बसून टिपावे. दाट धुक्यात घाई न करता उजेड वाढेपर्यंत नुसती मोजणी करावी. पांढऱ्या बगळ्याची पिसे उन्हात जळाल्यासारखी दिसतात, म्हणून प्रकाशाचे मोजमाप थोडे कमी ठेवावे. आठवड्यातून एकदा ठरावीक जागी उभे राहून त्याच दिशेने नदीचे एक छायाचित्र अवश्य घ्यावे. त्यात पक्षी नसला तरी चालेल. जलपर्णी किती पसरली, भराव कोठवर आला आणि काठचे कोणते झाड गेले, हे अशी चित्रे ओळीने मांडली म्हणजे कळते.

पथ्येही आहेत. घरट्याचे छायाचित्र घेऊ नये. पक्षी परतण्यास धजत नाही आणि कावळ्याला मात्र जागा कळते. पक्षी उडावा म्हणून दगड मारणे किंवा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावणे, हा निसर्गप्रेमाचा प्रकार नव्हे. मुंबईच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या कुरव पक्ष्यांना छायाचित्रासाठी शेव-फरसाण घालण्याची पद्धत पडली आहे, ती घातक आहे. कासवाच्या पिलांवर प्रखर दिवा टाकला तर त्यांची समुद्राची दिशा चुकते. चित्र थोडे अस्पष्ट आले तरी चालेल, पण जिवाला त्रास होता कामा नये.

पक्षी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. नदीवर पक्ष्यांची गर्दी दिसली की ‘नदी चांगलीच आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या अहवालात देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे नमूद होते. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि पवना त्यांत होती. शेकाट्यासारखे काही पक्षी घाणेरड्या पाण्यातही भरपूर दिसतात, कारण तेथील चिखलात त्यांना किडे मिळतात. म्हणून केवळ संख्या पाहू नये, कोणत्या जाती आल्या व कोणत्या येईनाशा झाल्या तेही पाहावे. शेकाटे वाढले आणि खंड्या दिसेनासा झाला, तर पाण्याची तपासणी करून घ्यावी. कॅमेरा निदान करीत नाही. वैद्याकडे केव्हा जावे एवढे तो सांगतो.

कोणी काय करावे

शाळांनी नदीकाठची एक ठरावीक वाट निवडावी आणि पंधरवड्यातून एकदा वर्गाने ती चालावी. एका मुलाने कॅमेरा, दुसऱ्याने वही व तिसऱ्याने मोजणी सांभाळावी. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळण्यात येतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी तो सुरू होतो आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिनी संपतो. आरंभ करण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते आणि फेब्रुवारीत परसातील पक्ष्यांची गणना. तोवर मुलांचा हात बसलेला असेल.

मावळ व मुळशीतील पंचायतींनी वर्षातून एका ग्रामसभेत या नोंदी वाचून दाखवाव्यात आणि नोंदवहीत समाविष्ट कराव्यात. ताथवड्यासारख्या शहरात सामील झालेल्या गावांतील नागरिकांनी त्या महानगरपालिकेच्या समितीकडे द्याव्यात. अधिकाऱ्यांकडे पूल, भराव, काठाचे सुशोभन किंवा सांडपाण्याची वाहिनी असा प्रस्ताव आला, की त्या जागेची नोंदवही मागवून पाहण्याचा प्रघात पाडावा. वही मागितली जाते असे दिसले, की ती भरणारेही पुढे येतील. जी वही कोणी मागत नाही, ती कोणी मनापासून लिहितही नाही.

ताथवड्याच्या परिसरात उद्याही इमारती उभ्या राहतील, रस्ते रुंद होतील. त्या बदलाच्या वेळी काठावर काय होते, हे सांगणारी तारीखवार चित्रे जर गावच्या दप्तरी असतील, तर निर्णय घेणाऱ्यास ती विचारात घ्यावी लागतील. त्यासाठी फार काही लागत नाही. पहाटेची थंडी, पायाखालची वाट, हातात साधा कॅमेरा आणि रोजची हजेरी एवढे पुरे. धोबी पक्षी नोव्हेंबरच्या आधीच काठावर हजर होतो. त्याची नोंद घेणारा माणूसही तेथे असावा, एवढीच अपेक्षा आहे.