शेकडा तीन

जगबुडी नदीच्या काठी दुकान चालवणाऱ्याला पुराचं वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये खेडच्या बाजारपेठेत पाणी शिरलं. चिखल उपसून झाला की पहिली गरज असते नव्या मालाची, म्हणजे रोख पैशाची. बँक कागद मागते. खाजगी सावकार फक्त दर सांगतो, ‘शेकडा तीन’. कानाला किती गरीब वाटतो हा आकडा! पण तो महिन्याचा आहे. वर्षाचे झाले छत्तीस. लाखावर महिन्याला तीन हजार भरत राहिलात, तर चौतिसाव्या महिन्यात नुसतं व्याजच लाखाच्या पुढे जातं. मुद्दल जागचं हलत नाही.

महाराष्ट्रात सावकारीचा २०१४ चा कायदा आहे. त्याखाली ठरलेले दर असे : शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८. म्हणजे शेकडा तीन हा या १८ टक्क्यांच्याही दुप्पट झाला. थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागू नये, हा दामदुपटीचा दंडक तर त्याहून कितीतरी जुना. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही तो मानत. आपल्या पूर्वजांना व्याज कळत होतं, आणि लाजही.

सावकाराला नावं ठेवून आपण मोकळे होतो. पण गणपतीच्या तोंडावर हप्त्यानं वस्तू घेताना ‘दहा टक्के फ्लॅट’ ऐकून आपण खूश होतो, त्याचं काय? लाखाचं कर्ज, वर्षाचं व्याज दहा हजार, बारा हप्ते. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, म्हणजे वर्षभरात सरासरी चौपन्न हजारच तुमच्याकडे असतात. व्याज मात्र पूर्ण लाखाचं. खरा दर पडतो १८ टक्क्यांच्या आसपास. ‘हप्ता किती?’ हे सगळे विचारतात. ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ हे विचारा. विक्रेता जरा गडबडेल, गडबडू द्या.

आता जामीनदार. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कायम नोकरी असलेला भाऊबंद दिसला की आपण म्हणतो, ‘दादा, नुसती सही हवी’. नुसती सही कधीच नसते. कर्ज थकलं तर बँक कर्जदाराच्या आधीसुद्धा जामीनदाराच्या दारात जाऊ शकते. कायद्यानं दोघांची जबाबदारी सारखी. तेव्हा सही मागताना आपली इतर कर्जं, हातउसने, भिशीचे राहिलेले हप्ते, सगळं त्याच्यापुढे मांडावं. ते लपवून घेतलेली सही ही माझ्या मते फसवणूकच, मग हप्ते वेळेवर फिटले तरी. आणि ज्याला सही द्यायची नाही, त्यानं तोंडावर ‘नाही’ म्हणावं. नात्यात चार दिवस अबोला राहील, तो परवडतो.

सावकाराकडे जावंच लागलं, तर आधी परवाना पाहा, दिलेल्या पैशाची पावती घ्या आणि कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नका. परवाना नसेल, तर तालुक्याच्या सहकारी संस्था सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते.