गप्प माणूस म्हणजे शांत माणूस नव्हे



आपल्या तिवसा-मोझरी भागात सोयाबीनचा भाव पडला, संत्र्याची गळ झाली, बँकेची नोटीस आली, की घरातला कर्ता माणूस बोलणंच सोडतो. खर्रा तोंडात टाकतो अन् ओट्यावर बसून राहतो. आपण म्हणतो, "स्वभावच शांत आहे त्यांचा." पण गप्प असणं वेगळं आणि शांत असणं वेगळं.

राग आला की शरीर भांडणाच्या तयारीला लागतं. हृदय जोरात धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. राग ओसरला की तो उतरतो. पण तीच गोष्ट रात्रंदिवस मनात घोळत राहिली, तर शरीराला उसंत मिळत नाही. झोप उडते, खर्रा आणि दारू वाढते, त्यानेही बीपी चढतो. नुसत्या रागानेच बीपी होतो असं नाही. वय, वजन, जेवणातलं मीठ, घराण्यातला आजार, हेही असतंच. म्हणून चेहरा पाहून अंदाज करू नका, मोजून घ्या.

बीपी बहुतेक वेळा काहीच दुखवत नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाने उपकेंद्रात तपासावा. त्याआधी अर्धा तास चहा-खर्रा नको, ५ मिनिटं निवांत बसायचं. वेगवेगळ्या दिवशी मोजून १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाल्यावर "आता बरं वाटते" म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

आणि बोलतं कसं करायचं? चारचौघांत विचारलं तर माणूस आणखी मिटतो. वावरात सोबत काम करताना विचारा. "किती देणं राहिलं, दोघं बसून लिहून काढू," एवढं म्हणा. गटाचा हिशोब आपण दर महिन्याला मांडतो, तसाच घरचा मांडायचा.

मात्र मन मोकळं करणं म्हणजे बायकोवर हात उगारणं नव्हे. त्याचा मार झेलणं हे आपलं काम नाही. तशी वेळ आली तर १८१ वर फोन करा.

"आता जगून काय करू" असं कोणी बोललं, तर ते हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध त्याच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि १४४१६ लावा. ही टेलि-मानसची सेवा मोफत आहे, रात्रीही सुरू असते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगायचं, घरात कोणाचा बीपी मोजायचा राहिला. त्यात स्वतःचं नाव विसरू नका.

जय गुरू!