पुन्हा वाजव, आम्ही ऐकतोय

धरणगावहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

आत्ता सुरुवातीला तुम्ही अर्धा मिनिट गिटार ऐकलीत. मधे दोनदा हात अडखळला, मागे शेळी ओरडली, कुकरची शिट्टीही झाली. ते वाजवणं आमच्या गटातल्या एका वहिनीचं आहे. तिला विचारूनच लावलं. का विचारलं, ते पुढे सांगतो.

वहिनीचं वय बेचाळीस. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि कॉलेजात असताना घेतलेली गिटार खुंटीला टांगून गेला. वर्षभर तिच्यावर धूळ बसली. एकदा पुसता पुसता वहिनीचं बोट तारेला लागलं आणि सूर निघाला. तिने मुलाला फोन केला, "मी शिकू का रे?" त्याने व्हिडिओ कॉलवर तिला तीन कॉर्ड दाखवल्या. कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम. डाव्या हाताची बोटं तारांवर ठरलेल्या जागी दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. तेवढ्या तीन कॉर्डवर कितीतरी साधी गाणी बसतात.

रात्री भांडी आवरली की वहिनी ओसरीत पंधरा मिनिटं बसायची. तारा पोलादाच्या, बोटांची टोकं दुखायची. पण कापूस वेचताना बोंडांची वाळकी टोकं बोटांना कशी ओरबाडतात, ते आपल्याला माहीत आहे. त्या हातांना तारेचं काय भय! आठवड्याला एक रेकॉर्डिंग ती आमच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची.

आता लाज वाटते, तरी खरं सांगतो. पहिलं रेकॉर्डिंग आलं तेव्हा आम्ही हसलो. "हाई काय शे व माय?" असं एकीने लिहिलं. "या वयात काय हे?" असं दुसरीने लिहिलं. बाकीच्यांनी नुसते अंगठे दाखवले. पुढे आमच्यातल्याच एकीने ते रेकॉर्डिंग गंमत म्हणून नात्यातल्या गटावर पाठवलं. तिथून ते वहिनीच्या सासरच्या माणसांपर्यंत पोचलं. लग्नघरी चारचौघांत तिची थट्टा झाली. त्यानंतर तीन आठवडे गटावर तिचं काहीच आलं नाही. गिटार परत खुंटीला गेली.

आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. चुकलं म्हणालो. वहिनी रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "हसलात त्याचं जाऊ द्या. पण मी कोणतं गाणं वाजवत होते, सांगा बरं?"

एकीलाही सांगता आलं नाही. शेवटपर्यंत कोणी ऐकलंच नव्हतं. हसणारींनी नाही आणि "छान छान" म्हणणारींनीही नाही.

त्या दिवशी ओसरीत बसून आम्ही तिची सहाही रेकॉर्डिंगं ओळीने ऐकली. पहिल्यात एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना एवढा वेळ लागत होता की तेवढ्यात दूध उतू जावं. सहाव्यात तो खंड जेमतेम श्वासाएवढा उरला होता. हे वहिनीलाही ठाऊक नव्हतं. वाजवताना सगळं लक्ष बोटांत असतं, आपलं आपल्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून रेकॉर्डिंग करायचं. आणि म्हणूनच पहिलं रेकॉर्डिंग पुसायचं नाही, कितीही वाईट असलं तरी. आपण किती चाललो, ते त्यावरूनच कळतं.

मैत्रिणींनो, आपल्याच भागातल्या दोन गोष्टी सांगतो. आपल्या धरणगावात 1890 साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरलं, तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. मोठमोठी माणसं बसली होती. त्यांनी या पोराची कविता ऐकून घेतली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढे रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई टिळकांनी त्याला घरच्या मुलासारखं जवळ केलं. 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. आयुष्य अठ्ठावीस वर्षांचंही नाही, पण नाव आजही शाळेतल्या पोरांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट आसोद्याच्या लेकीची, बहिणाबाईंची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव यांनी ती कान देऊन ऐकली, टिपून ठेवली, म्हणून उरली. बहिणाबाई 1951 च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक निघालं 1952 साली. त्यांना ते हातात घेता आलं नाही. घरात कोणी ऐकणारं नसल्यामुळे किती बायांची गाणी जात्याबरोबरच बंद पडली असतील, विचार करा.

आमची वहिनी बालकवी होणार नाही आणि बहिणाबाईही होणार नाही. तिला तसं व्हायचंही नाही. तिला एक गाणं न अडखळता वाजवायचंय. पण तिलाही ऐकणारं माणूस लागतंच.

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. कोणी काही शिकून पाठवलं, तर आधी शेवटपर्यंत ऐकायचं आणि मगच बोलायचं. नुसतं "मस्त" लिहायचं नाही, काय ऐकू आलं ते लिहायचं. "दुसऱ्या ओळीत या वेळी थांबली नाहीस", असं. चूक तिने विचारली तरच सांगायची, तीही एका वेळी एकच. पुण्या-मुंबईच्या पोरांशी तुलना करायची नाही. तुलना तिच्याच मागच्या आठवड्याशी. आणि तिला विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग दुसरीकडे पाठवायचं नाही. तिने ते आपल्यावर विश्वास टाकून पाठवलेलं असतं.

"आम्हाला गिटारीतलं काय कळतं?" असं म्हणू नका. फोडणीच्या आवाजावरून तेल तापलं की नाही हे आपल्याला कळतं. परवा वहिनीने विचारलं, "खरखर कुठे येते?" एक म्हातारी मावशी लगेच म्हणाली, "तिसऱ्यांदा हात बदलतेस ना, तिथं." वहिनीने पाहिलं, तर तिथे बोट गिटारीच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्टीपासून लांब पडत होतं. पट्टीच्या जवळ सरकवलं आणि तार स्वच्छ वाजली. मावशीने जन्मात गिटार हातात धरलेली नाही.

तुमच्या गटातही अशी कोणी असेल. चाळिशीत सायकल शिकणारी असेल, पेटी वाजवणारी असेल, पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव काढणारी असेल. ती चाचपडत काही दाखवायला आली, तर हातातलं काम दोन मिनिटं बाजूला ठेवा.

आज रेडिओवर लावायला वहिनीने दोन रेकॉर्डिंगं आणली होती, एक बिनचूक आणि एक चुकलेलं. आम्ही म्हटलं, चांगलं लावू या. ती म्हणाली, "चुकलेलंच लावा. ऐकून एखादीला वाटेल, एवढं तर मलाही येईल."

तेच तुम्ही ऐकलंत. राम राम!