हाडांतली नोंद

आपल्या संगमनेर तालुक्यात प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं आणि महाराष्ट्रातल्या आद्य शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. जोर्वे संस्कृती, इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० वर्षांची. तिची तांबूस, काळ्या नक्षीची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. मला मात्र आज हाडांविषयी बोलायचं आहे.

याच संस्कृतीचं मोठं गाव शिरूर तालुक्यात इनामगावला सापडलं. तिथं घराच्या जमिनीखाली माणसं पुरलेली होती. लहान मुलं तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत, तर मोठी माणसं खड्ड्यात आडवी, बहुतेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले. पाय का तोडले, याची चर्चा फार होते. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की डेक्कन कॉलेजच्या डॉ. सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या संशोधकांनी हे सांगाडे नीट अभ्यासले. कारण सांगाड्यावरून जगणं कळतं. बालपणी उपासमार झाली किंवा मोठं आजारपण आलं, तर दातांवर आडव्या रेघा राहतात. जन्मभर उकिडवं बसणाऱ्याच्या नडगीच्या हाडाला घोट्यापाशी, पुढच्या कडेला, गुळगुळीत चपटा भाग तयार होतो.

हे घडतं, कारण हाड जिवंत असतं. त्यातल्या काही पेशी जुनं हाड खातात, काही नवं भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी असा बदलतो. जिथं भार पडतो तिथं हाड दणकट होतं, भार नसेल तिथं विरळ होतं. ज्यूलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदानं १८९२ मध्ये हा नियम मांडला.

आता आपल्या गावातल्या विडी कामगार बाया पाहा. मांडीवर सूप, पाय दुमडलेले, मान खाली, आणि टेंभुर्णीचं पान कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणून उठायचं नाही. गुडघ्याच्या हाडांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि मोठ्या माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातूनच तिला पोषण मिळतं. ओल्या फडक्याची घडी दाबली की पाणी सुटतं, सोडली की पुन्हा शोषलं जातं, तसं हे वंगण हालचालीबरोबर आतबाहेर होतं. तासन्‌तास गुडघा दुमडून ठेवला की ही ये-जा मंदावते. हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याचं उलटं, त्याला दिवसभर उसंतच नाही. गुडघेदुखीला ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं मला अन्यायाचं वाटतं. त्या दुखण्यात कामाचा वाटा असतो.

त्यात घरात बसून काम, म्हणजे अंगावर ऊन कमी, ड जीवनसत्त्व कमी, आणि ते कमी म्हणजे पोटात गेलेलं कॅल्शियमही अंगी लागत नाही. पाळी गेल्यावर तर हाडांची झीज झपाट्यानं वाढते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. शेजारच्या अकोले तालुक्यात पिकणाऱ्या नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास मिळतं. दुधापेक्षा जास्त. नाचणीची भाकरी आपल्या ताटात परत यायला हवी.

विडी वळणाऱ्या आयाबहिणींना माझी विनंती आहे. सूप खाली न ठेवताही एकेक पाय लांब करता येतो. मधूनमधून करा. तासाभरानं उठून अंगणात, उन्हात चार पावलं टाका. आणि साध्या पडण्यानं मनगट मोडलं, किंवा पाठ अचानक दुखून उंची कमी झाल्यासारखी वाटली, तर नुसता लेप लावून थांबू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि हाडांचा ठिसूळपणा तपासा असं त्यांना स्वतःहून सांगा.