मार्सेलिसमध्ये पन्नास युरोंचा दिवस



परदेशप्रवासावरचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांना दोन गोष्टींची धास्ती असते. वक्ता आपली श्रीमंती ऐकवणार, आणि पॅरिसचा मनोरा वर्णन करून सांगणार. आज दोहोंपासून आपणांस अभय आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मार्सेलिस बंदरात नवराबायकोने मिळून, मुक्कामाचे भाडे सोडून, पन्नास युरोंत एक दिवस कसा काढावा, एवढाच आजचा विषय आहे. तिथले लोक गावाला मार्सेय म्हणतात. पण सावरकरांच्या उडीमुळे आपल्याकडे मार्सेलिस हेच नाव घरोघर रुळले आहे, तेव्हा मीही तेच ठेवतो.

माझे म्हणणे असे की, बंदराचे गाव गरिबाला सांभाळून घेते. राजधानी पाहुण्याची ऐपत पाहते; बंदराला ती सवय नसते, कारण तिथे उतरणारा माणूस पुष्कळदा रिकाम्या खिशानेच उतरतो. इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोसीया गावच्या ग्रीकांनी ही वसाहत केली. पुढे इटालियन आले, आर्मेनियन आले, अल्जीरियातले आले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेला निघालेले पुष्कळ उतारू इथेच उतरून आगगाडी धरीत. जिब्राल्टरचा वळसा वाचे. १९३१ साली गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी इथेच उतरले. जकातीच्या अधिकाऱ्याला त्यांनी आपली मालमत्ता सांगितली ती चरखे, तुरुंगातली भांडी, शेळीच्या दुधाचा डबा आणि पंचे अशी. त्या मानाने आम्ही दोघे कुबेरच म्हणायचे.

सकाळी सेंट चार्ल्स स्टेशनच्या १०४ पायऱ्या उतरून आम्ही नोआय भागातल्या बाजारात गेलो. उत्तर आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा हा बाजार. पुदिन्याच्या जुड्या, खजूर, पिंपांतून ऑलिव्ह, आणि जिऱ्याचा असा दरवळ की आमच्या सौभाग्यवतींना मंडईत आल्यासारखेच वाटले. दुपारची शिदोरी तिथेच बांधून घेतली.

तिथून बंदर जवळच. सकाळी धक्क्यावर कोळी मंडळी ताजी मासळी मांडतात. या मासळीचे एक कालवण, त्याचे नाव बुयाबेस, जगभर नावाजलेले आहे. मूळ गोष्ट साधी. विकली न गेलेली काटेरी, ओबडधोबड मासळी कोळी घरी नेऊन शिजवीत, तेच हे. आज चांगल्या खाणावळीत एका माणसाच्या ताटाला आमच्या दोघांच्या दिवसाच्या खर्चाहून अधिक पडते. १९८० साली खाणावळवाल्यांनी तिच्या अस्सलपणासाठी सनदसुद्धा केली. गरिबाचे अन्न श्रीमंताच्या ताटात गेले की त्याला सनद लागते! आम्ही पानिस खाल्ले. पानिस म्हणजे हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, काप करून तळलेले. सौभाग्यवतींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “अहो, ही तर आपली पाटवडी. फोडणी तेवढी राहिली.” मला वाटते, एवढे नेमके परीक्षण कोणत्याही प्रवासपुस्तकात सापडायचे नाही.

आता वादाचा मुद्दा. काटकसरीच्या प्रवासात पैसे मोजणे सोपे असते. काय पाहायचे नाही यावर दोघांचे एकमत होणे कठीण. मला इफचा किल्ला पाहायचा होता. ड्यूमाची माँटे ख्रिस्तोची कादंबरी शाळेत वाचल्यापासून ते बेट डोक्यात होते. पण दोघांचे होडीभाडे आणि किल्ल्याचे तिकीट यांतच निम्म्याहून अधिक पुंजी गेली असती. सौभाग्यवतींना टेकडीवरचे मेरीमातेचे देऊळ पाहायचे होते, आणि त्याला तिकीट नाही. त्या म्हणाल्या, “किल्ला लांबूनच पाहा की! कैद्यानेही किनारा लांबूनच पाहिला होता.” यावर मजजवळ उत्तर नव्हते.

जुने बंदर ओलांडायला एक लहानशी तर आहे. तिला तेही फेरीबोटच म्हणतात. भाडे किरकोळ, पाणी हाताशी. पलीकडे उतरून टेकडी चढलो. १८६४ साली प्रतिष्ठा झालेल्या या देवळात छताला लहान लहान गलबते टांगलेली आहेत, आणि भिंतीवर संगमरवरी पाट्याच पाट्या: वादळातून वाचलो, दुखण्यातून उठलो, उपकार आहेत. नवस फेडण्याची ही तऱ्हा आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतील गोळ्यांच्या खुणा आहेत. आणि कठड्यापाशी उभे राहिले की समोर इफचे बेट, फुकट.

परंतु, मंडळी, हे सारे फुकट आहे म्हणून भोळेपणाने पाहू नये. बंदराच्या उत्तर काठाला आपण जिथे मोकळेपणाने फिरतो, तिथे पूर्वी दाट वस्ती होती. गोदीचे मजूर, कोळी, ज्यू निर्वासित, सगळे दाटीवाटीने राहत. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने आणि व्हिशी सरकारच्या फ्रेंच पोलिसांनी मिळून ती घेरली, सुमारे २०,००० माणसांना घराबाहेर काढले, आणि फेब्रुवारीत सुमारे १,५०० इमारती सुरुंगांनी उडवल्या. धरलेल्या ज्यूंपैकी शेकडोंना मृत्युछावण्यांत पाठवले. कारण काय सांगितले? वस्ती घाणेरडी आहे, गुन्हेगारांचा अड्डा आहे. बोळांचे गाव पोलिसांना नेहमीच नकोसे वाटते. सतराव्या शतकातले नगरभवन राखले. मागच्या चढावर पानिए नावाचा भाग उरला आहे. तिथल्या जिन्यांवरून चालताना खाली काय होते त्याचा अंदाज येतो. आम्ही तिथे तासभर हिंडलो. दोरीवर कपडे वाळत होते, आणि खाली पर्यटकांची दुकाने होती. जे सुरुंगाने झाले नाही ते भाडेवाढीने होईल की काय, अशी शंका मनात आली.

संध्याकाळी सेंट जॉन किल्ल्याच्या तटावर गेलो. २०१३ साली शेजारी भूमध्य समुद्राच्या संस्कृतीचे संग्रहालय उभारले, तेव्हा हा तट पुलाने त्याला जोडून लोकांना मोकळा केला. संग्रहालयाला तिकीट, तटाला नाही. शिदोरी तिथेच सोडली. खाली पोरे पाण्यात उड्या घेत होती, म्हातारे गळ टाकून बसले होते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र असतो हे किती मुंबईकरांना भिंतीआडून कळते, हा विचार आल्यावाचून राहिला नाही.

सावरकरांनी ८ जुलै १९१० रोजी मोरिया बोटीवरून उडी घेतली ती या जुन्या बंदरात नव्हे. मोठ्या आगबोटी उत्तरेच्या गोद्यांत लागत. त्यांना धरून परत बोटीवर नेले गेले आणि हेगच्या लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूने दिला. आम्ही त्या बाजूला चालत गेलो. गोद्यांना कुंपण आहे. बाहेर उभे राहून आम्ही दोघांनी हात जोडले, आणि परत फिरलो.

हिशेब केला तेव्हा सहा युरो शिल्लक होते. त्यांतून ७२ टक्के तेलाचा शिक्का मारलेली, तिथल्या प्रसिद्ध साबणाची एक चौकोनी वडी घेतली. वडीचा खर्च घरखाती मांडायचा की प्रवासखाती, याचा निकाल स्टेशनच्या १०४ पायऱ्या चढेपर्यंत लागला नव्हता.