छंदांचे भांडवल

(पालक व शिक्षक यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मागील बैठक संपली तेव्हा एका पालकांनी माझ्या हाती एक चिठ्ठी दिली. तीत लिहिले होते : मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला नववीसाठी अमेरिकेतील निवासी शाळेत पाठवावे असा विचार आहे, ती सहा वर्षे भरतनाट्यम शिकत आहे, ते सोडवून तिला तलवारबाजी किंवा स्क्वॉश लावले तर प्रवेश सुकर होईल काय? अशा शाळा आम्हांला मुळातच मान्य नाहीत, असे सांगून मी मोकळा होऊ शकलो असतो. परंतु प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला आधी सरळ उत्तर द्यावे, भाष्य मागाहून करावे, हे बरे.

प्रथम तेथील रीत पाहू. अँडोव्हर येथील फिलिप्स अकॅडमी 1778 साली आणि एक्सिटर येथील तिची भगिनी संस्था 1781 साली स्थापन झाली. अशा नामांकित शाळांना प्रवेशपरीक्षेचे गुण, आधीच्या शाळेची प्रगतिपुस्तके, शिक्षकांची पत्रे, मुलाने लिहिलेले निबंध आणि मुलाखत या सर्वांवरून निवड करण्याची सवय आहे. जागा थोड्या आणि गुणवान अर्जदार पुष्कळ. गुणांच्या बळावर निवड होईनाशी झाली की प्रवेशाधिकारी विचारतो, 'हे मूल आमच्या येथे येऊन करणार काय?'

हा प्रश्न अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. मुले जेथे अहोरात्र राहतात तेथे दुपारचे खेळ, संध्याकाळचे वाद्यवृंद, नाटके, वादसभा ही सारी मुलांनीच चालवायची असतात. गोलरक्षक शाळा सोडून गेला की त्याची जागा रिकामी होते. शर्यतीच्या नौकेत आठ जण वल्ही मारतात, पण नववा, सुकाणू धरणारा आणि वजनाने हलका, नसेल तर नौका निघत नाही. व्हायोलिन वाजविणारे वीस अर्जदार असतील आणि बसून वाजविणारा एकच, तर त्या एकाकडे लक्ष जाणारच. म्हणजे केवळ विलक्षणपणाला तेथे किंमत नाही. किंमत आहे ती शाळेच्या त्या वर्षीच्या गरजेला. ती गरज कोणती, हे बाहेर उभ्या असलेल्या पालकाला कळण्याचा मार्ग नाही.

तेव्हा चिठ्ठीचे उत्तर असे : होय, खेळ आणि छंद यांचा उपयोग होतो, परंतु ते दीर्घकाळ जोपासलेले आणि खरे असले तरच. अर्जासाठी वर्षभरात चिकटविलेली तलवार मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला गळून पडते. उलट जी मुलगी सहा वर्षे नाचली आहे, तिला त्यातील कष्टांबद्दल, चुकांबद्दल आणि आनंदाबद्दल अर्धा तास बोलता येईल. तिचे नृत्य सोडविणे हा अन्याय तर आहेच, शिवाय हिशेबातही तोट्याचा आहे.

उत्तर येथे संपले असते तर मी आज याच विषयावर पुन्हा उभा राहिलो नसतो. ज्या गुणांकडे पाहून दार उघडते, ते गुण मुळात कोणापाशी असतात, हा खरा प्रश्न आहे. स्क्वॉशला बंदिस्त कोर्ट लागते, नौकानयनाला नदी, नौका आणि प्रशिक्षक लागतो, अश्वारोहणाला घोडा लागतो. या शाळांचे वार्षिक शुल्क साठ हजार डॉलरांच्या वर आहे. अँडोव्हर आणि एक्सिटर या दोन्ही शाळा प्रवेश देताना कुटुंबाची शुल्क भरण्याची ऐपत पाहत नाहीत, आणि गरजूंना मोठे साहाय्य देतात. हे निःसंशय चांगले आहे. परंतु पैशाकडे न पाहणारा डोळा पैशाने घडविलेल्या गुणाकडे मात्र पाहतो, त्याचे काय? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांनी यालाच सांस्कृतिक भांडवल म्हटले. हे भांडवल बँकेत दिसत नाही. ते मुलाच्या चालण्याबोलण्यात, आवडीनिवडीत दिसते, आणि म्हणून ते भांडवल आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही.

याचा इतिहासही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. 1922 साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित करण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादा लोकांना रुचली नाही. तेव्हा 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' यांची कसोटी पुढे आली. परीक्षेत जे मागे हटत नव्हते त्यांना या कसोटीने हटविता आले. कसोटी जितकी मोघम, तितकी ती बलवंतांच्या सोयीची, हा त्यातील धडा आहे.

आजचे चित्र वेगळे आहे काय? राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसून आले की, परीक्षेचे गुण सारखे असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले अमेरिकेतील अत्युच्च महाविद्यालयांत पोहोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. याची तीन कारणे त्यांनी दिली : माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासेतर गुणांचे मूल्यमापन. 2019 साली तर तेथे असा खटला उभा राहिला की, ज्यांनी कधी स्पर्धेत वल्हे मारले नव्हते अशा मुलींची नौकानयनपटू म्हणून खोटी नोंद करून त्यांना विद्यापीठात शिरविण्यात आले होते. ही उदाहरणे महाविद्यालयांची आहेत, हे खरे. पण निवासी शाळा ही त्याच वाड्याची देवडी आहे.

मग केवळ परीक्षा घ्यावी काय? आपल्याकडे तो प्रयोग झाला आहे. देशातील पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक अमरावती जिल्ह्यात सुरू झाले. तेथे प्रवेश परीक्षेवर मिळतो, तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या असतात, आणि घोड्यावर बसता येते काय हे कोणी विचारीत नाही. या परीक्षेच्याही शिकवण्या निघाल्या, पैसा तेथेही शिरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही गणिताचे पुस्तक जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलीच्या हाती असते. स्क्वॉशचे कोर्ट नसते. या दोहोंतील अंतर लहान नाही.

आणि याहून मूलगामी असा एक मार्ग आपल्याच मातीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहिली, एकत्र जेवली, हातांनी कामे करून शिकली. तू येताना काय घेऊन आलास, असे कर्मवीरांनी मुलाला विचारले नाही; संस्था त्याला काय देईल, याचा विचार केला. प्रवेशद्वारावरची ही दोन परस्परविरुद्ध तत्त्वे आहेत. गंमत अशी की, त्या अमेरिकन शाळांतही पुष्कळ मुले वल्हे प्रथम हाती धरतात ती शाळेत दाखल झाल्यावरच. म्हणजे खेळ शिकविणे हे शाळेचे काम आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

आपल्या राज्यात खेळातील कामगिरीसाठी आणि चित्रकलेच्या श्रेणीसाठी दहावीला सवलतीचे गुण मिळतात. तत्त्व चांगले आहे. परंतु ज्या शाळेला मैदान नाही, क्रीडाशिक्षक नाही, चित्रकलेचा शिक्षक निवृत्त झाल्यावर ती जागा भरलेली नाही, त्या शाळेतील मुलाने हे गुण कोठून आणावेत? म्हणून आपली मागणी सवलतीच्या गुणांच्या आधी मैदानाची असली पाहिजे. मैदान दिल्यावाचून खेळाचे गुण देणे म्हणजे विहीर न खणता पोहऱ्याचे बक्षीस लावणे होय.

त्या पालकांना मी शेवटी इतकेच सांगेन : आपल्या मुलीला नाचू द्या. प्रवेश मिळाला तर नृत्य तिच्याबरोबर जाईल. न मिळाला तरी ते तिच्यापाशी राहील. पण तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, जिला नाच शिकविणारे कोणी भेटलेच नाही अशा मुलीसाठीही आपण शाळेच्या पुढील सभेत दोन शब्द बोला. एवढे आपण सर्वांनी केले तर दारे कोणासाठी आणि कशी उघडतात, या प्रश्नाचे स्वरूपच पालटेल.