यंत्राने हात कधी आखडता घ्यावा?



आज पदवी घेणाऱ्यांत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यार्थी आहेत, तसे बायोमेडिकल इंजिनिअरिंगचेही आहेत. म्हणून या सगळ्यांच्या सीमेवरचा विषय निवडला आहे: लकव्यानंतर मिटून गेलेला हात पुन्हा कामाला लावू पाहणारी रोबोटिक यंत्रं. अशी यंत्रं किती मदत करतात हे सगळेच सांगतात. ती हात कधी आखडता घेतात, हे आधी विचारायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

यंत्राची गरज खरी आहे. मेंदूला हरवलेली हालचाल पुन्हा शिकायची तर ती पुष्कळदा करावी लागते; प्राण्यांवरच्या प्रयोगांत रोज शेकडो वेळा करून घेतात. अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांचं निरीक्षण 2009 मध्ये प्रसिद्ध झालं, त्यात एका सत्रात हाताने केलेल्या कामाच्या हालचाली भरल्या सरासरी 32. यात थेरपिस्टचा आळस नाही. तळव्यात घुसलेला अंगठा सोडवावा, मग एकेक बोट सरळ करावं, तोवर पहिलं पुन्हा मिटतं. वेळ त्यातच जातो. मोटर दमत नाही आणि कंटाळतही नाही. पण तिने मूठ आयती उघडून दिली, की रुग्णाचं शरीर आपला जोर हळूच काढून घेतं. पडद्यावर आवृत्त्या वाढतात आणि त्यामागचा प्रयत्न आटतो. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठात घडलेलं ‘हँड ऑफ होप’ हे यंत्र म्हणूनच रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूंतल्या विद्युत संकेताची वाट पाहतं. तो आल्यावरच मोटर चालते.

रोबोटिक उपचारांवर सगळ्यात वजनदार आक्षेप ब्रिटनमधून आला. ‘रॅटल्स’ या चाचणीत 770 रुग्ण होते. तिचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाला रोबोटवर, दुसऱ्याला थेरपिस्टकडून, आठवड्यातून तीनदा 45 मिनिटं, असे 12 आठवडे जादा उपचार, तिसऱ्याला नेहमीचेच. हाताच्या कामात ठरवलेली सुधारणा गाठणारे अनुक्रमे 44, 50 आणि 42 टक्के. हा फरक निर्णायक म्हणावा इतका नव्हता. मग हा खर्च कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण त्याच चाचणीत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबोट गटाच्या नुसत्या हालचालीचे गुण थोडे वाढले होते. ती वाढ कामापर्यंत पोचली नाही. गळती कुठे होते, ते मला इथे दिसतं. वरणभाताचा घास घ्यायचा तर चार बोटं किंचित वाकून एकत्र येतात, अंगठा त्यांच्यासमोर येतो, मनगट वळतं, आणि घास तोंडाशी आल्यावर अंगठा तो पुढे ढकलतो. अख्खी मूठ उघडझाप करणाऱ्या यंत्रावर यातलं जेमतेम एक पाऊल गिरवलं जातं. बाकीचं ताटावरच शिकावं लागतं, आणि तिथे थेरपिस्ट लागतो. रोबोटमुळे आपल्या नोकऱ्या जातील ही भीती त्यामुळे मला फारशी पटत नाही.

किमतीचा आक्षेप मात्र आपल्याकडे टाळता येणार नाही. परदेशी यंत्र मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाबाहेर सहसा पडत नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेलं ‘प्लूटो’ इथे पाहण्यासारखं आहे: मोटर एकच, आणि मनगटासाठी किंवा मुठीसाठी तिच्यावरचा जोड बदलायचा. सुटसुटीत आहे, म्हणून आवाक्यात येऊ शकतं. अर्थात स्वस्त यंत्रानेही आयती मूठ उघडून दिली, तर फसगत तीच, फक्त कमी पैशांत.

तेव्हा उद्या एखादा विक्रेता रुग्णालयात डेमो द्यायला आला, तर पडद्यावरचे खेळ पाहून झाल्यावर त्याला मदतीची पातळी शून्यावर आणायला सांगा. रुग्णाचा स्वतःचा जोर यंत्र वेगळा मोजून दाखवतं का, तेही पाहा. यंत्र हात कधी आखडता घेतं, हाच प्रश्न इंजिनिअर मंडळींनी आराखड्याच्या पहिल्या दिवशी स्वतःला विचारावा, आणि त्या बैठकीत एका थेरपिस्टला व हात मिटलेल्या एका रुग्णाला बोलवावं.